केंद्रातून 'सुधारून' आलेला मुलगा पुन्हा का पडतो? गर्दच्या नशेवरचे नवे उपचार समजून घेऊ या

घरातल्या मुलाला गर्दचं व्यसन आहे हे कळलं की पुढचा क्रम बहुतेक घरांत ठरलेला असतो. आधी रडारड, मग मारहाण, मग शपथा. शेजारपाजारी कळू नये म्हणून आधी काही दिवस त्याला खोलीत कोंडून ठेवतात. ते जमत नाही म्हटल्यावर मामू-चाचू पैसे गोळा करतात आणि दूरच्या गावातल्या एखाद्या केंद्रात त्याला ठेवून येतात. तीन महिन्यांनी मुलगा परत येतो. अंगावर मांस चढलेलं, चेहरा उजळलेला, नमाजला जाणारा. अम्मी शुक्राना अदा करते. नातेवाईक म्हणतात, आता लग्न लावून द्या.

आणि मग एका संध्याकाळी तो संडासात बेशुद्ध सापडतो. कधी वेळेत सापडतो, कधी नाही.

अशी एखादी गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ओळखीच्या घरातून ऐकलेली असते. घरचे सगळे एकच विचारत राहतात: "तो तर पूर्ण बरा झाला होता, मग असं कसं झालं?" लोक म्हणतात पोराची नियत खराब होती, किंवा संगत वाईट होती. पण वैद्यकशास्त्र याचं वेगळं उत्तर देतं, आणि ते प्रत्येक घरानं जाणून घेण्यासारखं आहे. गेल्या काही वर्षांत अनेक देशांनी या उत्तरावरूनच आपली उपचारपद्धत बदलली. आपल्या देशातही ते उपचार आहेत, सरकारी केंद्रांत मोफत आहेत, पण अनेक घरांना त्यांची माहितीच नाही.

आधी नशा कोणती ते ओळखा

हा लेख अफूच्या कुळातल्या नशेबद्दल आहे. डॉक्टर या कुळाला 'ओपिऑइड' म्हणतात. अफू, हेरॉइन, आपल्याकडे गर्द किंवा ब्राउन शुगर म्हणतात ती पावडर, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, अमेरिकेत धुमाकूळ घालणारं फेंटानिल, हे सगळे या कुळातले. ट्रॅमाडॉलचा गैरवापर इतका वाढला की २०१८ मध्ये ते औषधही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावं लागलं.

गांजा, चरस, एमडी आणि दारू या कुळात येत नाहीत. मालेगाव परिसरात 'कुत्ता गोळी' म्हणून जी विकली जाते ती बहुतेक वेळा अल्प्राझोलाम असते, म्हणजे घबराट कमी करणारी, झोप आणणारी गोळी. तीही या कुळातली नाही. हा फरक सांगायचं कारण असं की पुढे आम्ही ज्या औषधांबद्दल सांगणार आहोत ती फक्त अफूच्या कुळातल्या नशेवर चालतात. एमडीच्या किंवा गोळ्यांच्या नशेला उपचार आहेत, पण ते वेगळे. म्हणून डॉक्टरकडे जाताना मुलगा नक्की काय घेतो, किती घेतो, ओढतो की सुई लावतो, हे जमेल तेवढं खरं सांगा.

हा प्रश्न केवढा मोठा आहे? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं देशभर पाहणी केली होती. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूच्या कुळातलं काही ना काही घेतात आणि त्यांतल्या साधारण ७७ लाखांना मदतीची गरज आहे. ज्या मोजक्या राज्यांत देशातले निम्म्याहून जास्त असे रुग्ण आहेत, त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. तेव्हा हा फक्त पंजाबचा प्रश्न आहे, किंवा अमुक एका वस्तीचा, अमुक एका समाजाचा आहे, असं समजण्यात अर्थ नाही.

शरीरात काय होतं?

आपला मेंदू स्वतःच वेदना कमी करणारी काही रसायनं तयार करतो. ती मेंदूतल्या ठरावीक जागी जाऊन बसतात. कुलपात किल्ली बसावी तशी. गर्द याच कुलपांत जाऊन बसते, पण फार जोरात. सुरुवातीला मजा वाटते. रोज घेत गेलं की मेंदूला तिची सवय होते आणि तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. काही महिन्यांत मजा संपते. मग माणूस फक्त त्रास होऊ नये म्हणून घेत राहतो.

गर्द मिळाली नाही की सहा-बारा तासांत 'टर्की' सुरू होते. नाक-डोळे वाहतात, अंग मोडतं, हाडं दुखतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. घरात चोरी करणारा, अम्मीच्या बांगड्या विकणारा मुलगा बहुतेक वेळा या टर्कीपासून पळत असतो. चोरीचं समर्थन कुणी करू नये. पण ती मजेसाठी केलेली चोरी नसते, एवढं लक्षात घ्यावं.

याच कुलपांचा संबंध श्वासाशीही आहे. मात्रा जास्त झाली की मेंदू श्वास घेण्याचा हुकूमच देत नाही. ओव्हरडोसचा मृत्यू असा होतो. माणूस झोपल्यासारखा दिसतो आणि श्वास हळूहळू थांबतो.

आता आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. तीन महिने केंद्रात राहिल्यावर शरीराची सवय मोडते. पूर्वी जी मात्रा तो सहज पचवत होता, तीच आता त्याला मारू शकते. पण डोक्यातली ओढ मात्र तेवढ्या काळात जात नाही. ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे राहते. जुना मित्र भेटतो, जुनी गल्ली दिसते, घरात भांडण होतं, आणि हात पुन्हा तिकडे वळतो. मुलगा जुन्या हिशोबानं मात्रा घेतो. शरीर मात्र नवं झालेलं असतं. म्हणूनच केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे, असं जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

म्हणजे ज्या दिवशी आपण मिठाई वाटतो, त्याच दिवसापासून खरी काळजी घ्यायची असते.

नवी पद्धत काय आहे?

जुना विचार असा होता: नशा काढून टाका, मन घट्ट करा, झालं. नवा विचार म्हणतो, हा मधुमेहासारखा किंवा रक्तदाबासारखा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. साखर वाढलेल्या माणसाला आपण पंधरा दिवस दवाखान्यात ठेवून "आता औषध बंद, इच्छाशक्तीवर राहा" असं सांगत नाही. मग गर्दच्या रुग्णाला तसं का सांगायचं?

यासाठी मुख्यतः तीन औषधं वापरली जातात.

पहिलं ब्युप्रेनॉर्फिन. ही गोळी जिभेखाली ठेवून विरघळवायची असते. ती त्याच कुलपात बसते, पण अर्धवट फिरते. त्यामुळे टर्की होत नाही, ओढ कमी होते, पण पूर्वीसारखी किक बसत नाही. एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी परिणाम तेवढा वाढत नाही, म्हणून श्वास थांबण्याचा धोका बराच कमी असतो. पुष्कळदा तिच्यात नॅलॉक्सोन नावाचं दुसरं औषध मिसळलेलं असतं, ते यासाठी की कुणी गोळी विरघळवून सुईनं घ्यायचा प्रयत्न करू नये. एक गोष्ट महत्त्वाची: शेवटची गर्द घेतल्यावर साधारण बारा ते चोवीस तास थांबून, टर्की सुरू झाल्यावरच ही गोळी सुरू करतात. घाई केली तर त्रास एकदम वाढतो आणि रुग्ण घाबरून उपचारच सोडतो. म्हणून ती कुणाकडून मागून आणून घरी सुरू करायची नाही.

दुसरं मेथाडोन. हे बहुतेक ठिकाणी पातळ औषध म्हणून देतात. दिवसातून एकदा घेतलं की चोवीस तास पुरतं. ज्यांचं व्यसन फार जुनं आणि जड आहे त्यांना याचा उपयोग होतो. मात्र चुकीच्या मात्रेत ते धोकादायक आहे, म्हणून ते केंद्रातच, देखरेखीखाली सुरू करतात. घरी आणलं तर लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवायला हवं.

तिसरं नालट्रेक्सोन. हे कुलूप बंद करून टाकतं. वर गर्द घेतली तरी नशा चढत नाही. पण ते सुरू करण्यासाठी आधी सात ते दहा दिवस अफूचं काहीही शरीरात जाता कामा नये. आणि ते मधेच सोडलं तर तोच जुना धोका उभा राहतो, कारण शरीराची सवय तोवर मोडलेली असते.

यातल्या पहिल्या दोन औषधांचा फायदा किती? २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला. मेथाडोन चालू असलेल्या एक हजार लोकांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू झाले. औषध सोडलेल्यांत तोच आकडा ३६ होता. ब्युप्रेनॉर्फिनमध्ये औषध चालू असताना ४, आणि सोडल्यावर ९ ते १०. म्हणजे उपचारात टिकून राहणं हेच जीव वाचवणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं ही दोन्ही औषधं २००५ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली आहेत.

"ही तर एक नशा सोडून दुसरी झाली!"

हा आक्षेप आम्ही सर्वांत जास्त ऐकला आहे. घरातले मोठे हा प्रश्न विचारतात, मशिदीत विचारला जातो आणि काही केंद्रं चालवणारेही विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा त्याला सरळ उत्तर द्यायला हवं.

नशा कशाला म्हणायचं? ज्यानं माणसाचं भान हरपतं, जबाबदारी सुटते, घर उद्ध्वस्त होतं, ती नशा. योग्य मात्रेत हे औषध घेणारा माणूस सकाळी कामावर जातो, रिक्षा चालवतो, दुकान सांभाळतो, मुलांना शाळेत सोडतो. त्याला भान असतं. औषध बंद केलं तर त्रास होतो हे खरं, पण तसा त्रास इतरही अनेक आजारांची औषधं अचानक बंद केल्यावर होतो. औषधावर अवलंबून असणं आणि व्यसनाच्या तावडीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हराम-हलालचा प्रश्नही येतोच. नशा हराम आहे, यात वाद नाही. पण प्रत्येक आजाराला इलाज आहे आणि इलाज करावा, ही शिकवणही आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. फतवा देणं आमचं काम नाही, तो प्रश्न आपल्या आलिमांना जरूर विचारा. मात्र विचारताना डॉक्टरनं काय सांगितलं तेही त्यांच्यापुढे ठेवा. मुस्लिम देशांनी याबाबत काय केलं, हेही पाहण्यासारखं आहे.

इराणच्या शेजारी अफगाणिस्तान, म्हणजे अफूचा मोठा रस्ता इराणमधूनच जातो. तिथे अनेक वर्षं कडक शिक्षा हाच उपाय होता. पण तुरुंग भरले, सुयांमधून एचआयव्ही पसरला आणि व्यसन काही थांबलं नाही. मग २००० नंतर तिथे मेथाडोनची केंद्रं सुरू झाली, तुरुंगांतही औषध मिळू लागलं. २००५ मध्ये तिथले न्यायपालिकेचे प्रमुख आयतुल्ला शाहरूदी यांनी न्याययंत्रणेतल्या अधिकाऱ्यांना पत्रक काढून सांगितलं की या उपचारांत अडथळा आणू नका.

मलेशियानं २००५ मध्ये मेथाडोन सुरू केलं. तिथे पुढचं पाऊल असं पडलं की २०१० मध्ये क्वालालंपूरच्या अर-रहमान मशिदीतच औषध द्यायला सुरुवात झाली. मलाया विद्यापीठाचे डॉक्टर आणि मशीद यांनी मिळून हे काम उभं केलं. रुग्ण यायचा, औषध घ्यायचा आणि त्याच आवारात नमाज, समुपदेशन, दीनी तालीमही मिळायची. जिथून लोक आपल्याला हाकलतील अशी भीती वाटायची, तिथेच त्यांना बसायला जागा मिळाली.

अमेरिका आणि फ्रान्सनं काय बदललं?

फ्रान्सनं १९९५ च्या सुमारास साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा दिली. चार वर्षांत तिथले हेरॉइनच्या ओव्हरडोसचे मृत्यू जवळपास ऐंशी टक्क्यांनी उतरले.

अमेरिकेला हे शहाणपण उशिरा आलं. तिथे डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांपासून साथ सुरू झाली, मग लोक हेरॉइनकडे आणि पुढे फेंटानिलकडे वळले. २०२१ पासून सलग काही वर्षं सर्व प्रकारच्या ओव्हरडोसनं दरवर्षी लाखाहून जास्त माणसं मेली. तोवर तिथे ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला डॉक्टरला वेगळी परवानगी काढावी लागायची. २०२२ च्या अखेरीस कायदा करून ती अट काढली. मार्च २०२३ मध्ये ओव्हरडोस उलटवणारा नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. २०२४ मध्ये तिथल्या आरोग्य आणि मानवी सेवा खात्यानं मेथाडोनचे नियम सैल केले. रोज रांगेत उभं राहण्याऐवजी स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचं औषध घरी नेता येऊ लागलं. महिन्यातून एकदा घ्यायचं ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शनही तिथे २०१७ पासून आहे.

२०२४ मध्ये तिथले ओव्हरडोसचे मृत्यू आदल्या वर्षापेक्षा साधारण चतुर्थांशानं घटले आणि ८० हजारांच्या आसपास आले. याचं सगळं श्रेय एकट्या औषधाला देता येणार नाही, कारणं अनेक आहेत. पण औषध सहज मिळणं हे त्यांतलं एक कारण मानलं जातं.

त्या खात्याच्या नावात 'आरोग्य' आणि 'मानवी सेवा' हे दोन्ही शब्द आहेत, त्यातही एक धडा आहे. गोळी दिली आणि हात झटकले असं चालत नाही. राहायला जागा, हाताला काम, कोर्टकचेरीत मदत, आणि स्वतः या वाटेनं जाऊन बाहेर पडलेल्या माणसाची सोबत, हेही उपचारातच धरलं जातं.

आपल्याकडे काय आहे, कुठे जायचं?

महाराष्ट्रानं गर्द १९८० च्या दशकात पाहिली. डॉ. अनिल अवचट यांनी तेव्हा मुंबई-पुण्यातल्या मुलांवर 'गर्द' हे पुस्तक लिहिलं आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. चांगली निवासी केंद्रं आजही हवीच आहेत. आम्ही केंद्रांच्या विरोधात नाही. आमचं म्हणणं एवढंच, की अफूच्या नशेत केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचं औषध आणि पाठपुरावा याशिवाय उपचार अर्धाच राहतो.

सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात २००७ च्या सुमारापासून सुई लावणाऱ्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिन देणारी केंद्रं आहेत. त्यांना 'ओएसटी केंद्र' म्हणतात. औषध मोफत असतं आणि समोर बसवून देतात. मेथाडोन २०१२ च्या सुमारास देशात मोजक्या ठिकाणी सुरू झालं, त्यांत मुंबईचं केईएम रुग्णालय होतं. काही सरकारी रुग्णालयांत व्यसनोपचारासाठी वेगळा विभाग असतो, त्याला 'एटीएफ' म्हणतात. पंजाबनं ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण दवाखाने सुरू केले. तिथे भरती न होता औषध घेऊन मुलगा कामावर जाऊ शकतो. ही औषधं आपल्याकडे साध्या मेडिकल दुकानात मिळत नाहीत, अधिकृत केंद्रांतूनच मिळतात.

सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल तर दोन नंबर लिहून ठेवा. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. १४४१६ ही 'टेली मानस' नावाची मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. दोन्ही मोफत. याशिवाय जिल्हा रुग्णालयातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागात सरळ जाता येतं. तिथे एकच प्रश्न विचारा: "अफूच्या नशेसाठी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन इथे मिळतं का, नसेल तर जवळ कुठे मिळेल?"

पोलिसांची भीती अनेकांना असते. अमली पदार्थांच्या कायद्यात, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, ६४-अ हे कलम आहे. नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतलं जाऊ शकतं. अशा वेळी वकिलाचा सल्ला घ्या, पण भीतीपोटी उपचार टाळू नका.

केंद्र निवडतानाही डोळे उघडे ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नशेमुळे होणारे आजारही येतात. त्या कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला मनाई आहे. जबरदस्तीनं डोकं भादरता येत नाही, जबरदस्तीनं काम करून घेता येत नाही. जे केंद्र मुलाला भेटू देत नाही, जिथे डॉक्टर दिसत नाही, जिथे "मारल्याशिवाय सुधारत नाहीत" असं सांगतात, तिथे मूल ठेवू नका. नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कोण, आणि बाहेर पडल्यावर कोणतं औषध देणार, हे आधी विचारा.

रमजानमध्ये काय?

मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्हींचा परिणाम लांब टिकतो, त्यामुळे स्थिर झालेल्या रुग्णाला दिवसातून एकदाच घेऊन भागतं. अनेकांना इफ्तारनंतर किंवा सहरीच्या वेळी औषध घेता येईल. अडचण असते ती केंद्राच्या वेळेची. म्हणून रमजानच्या दोन-तीन आठवडे आधीच डॉक्टरशी बोला आणि वेळ बदलून किंवा औषध घरी मिळेल का ते विचारा. नाहीच जमलं तर आजारी माणसाला रोज्यात सवलत आहे, हे आलिमांकडून समजून घ्या. रोजा ठेवायचा म्हणून स्वतःच्या मनानं औषध बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं.

ओव्हरडोस झाला तर

हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीनं घासूनही माणूस जागा होत नाही, श्वास अगदी मंद किंवा घरघर, ओठ-नखं निळी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. ही लक्षणं दिसली तर लगेच १०८ ला फोन लावा. श्वास थांबला असेल तर डोकं मागे करून, नाक दाबून तोंडानं श्वास द्या. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. दूध, लिंबूपाणी, मिठाचं पाणी तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जातं. थंड पाण्याखाली धरू नका, आणि "झोपू दे, उतरेल" म्हणून एकटं सोडू नका.

दवाखान्यात खरं सांगा. नॅलॉक्सोनचं इंजेक्शन मिनिटांत श्वास परत आणू शकतं, पण डॉक्टरला कारण कळायला हवं. त्या औषधाचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, म्हणून शुद्ध आल्याबरोबर रुग्णाला घरी आणू नका. आणि ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू असताना दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणं धोक्याचं आहे, हे रुग्णालाही सांगून ठेवा.

घर, मोहल्ला, मशीद

औषध टर्की थांबवतं. पण मुलगा औषधावर टिकून राहतो तो घरच्यांमुळे. पुन्हा एकदा घसरला तर "सगळं वाया गेलं" म्हणून औषध बंद करू नका. मधुमेही माणसानं लग्नात दोन गुलाबजाम खाल्ले म्हणून आपण त्याची गोळी काढून घेत नाही. डॉक्टरकडे जा, मात्रा पुन्हा ठरवून घ्या. "किती दिवस ही गोळी खाणार?" असं दर आठवड्याला विचारू नका. कुणाला एक वर्ष लागतं, कुणाला अनेक. बंद करायची तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू.

घाईनं लग्न लावून देणं हा उपचार नाही. त्यात आणखी एका मुलीचं आयुष्य पणाला लागतं. मुलींना आणि बायकांनाही हे व्यसन लागतं. त्या बदनामीच्या भीतीनं बोलत नाहीत. गरोदर बाईनं तर अचानक नशा तोडणं धोक्याचं असतं. तिला डॉक्टरच्या देखरेखीखाली याच औषधांवर ठेवतात.

मशीद कमिट्या आणि जमातींना आमची विनंती आहे. जुम्म्याच्या बयानात नशेचे तोटे सांगितले जातातच. त्यासोबत १४४४६ हा नंबर नोटीस बोर्डावर लावा. महिन्यातून एकदा सरकारी डॉक्टरला बोलवा. उपचार चालू असलेल्या मुलाला दवाखान्यात जायचं बसभाडं, एखादं काम, एखादी शिलाई मशीन, एवढी मदत वस्तीत करता येते. आणि त्याला पहिल्या रांगेत उभं राहू द्या. 'गर्दुल्ला' म्हणून ज्याला मोहल्ला हाक मारतो, तो परत त्याच टोळक्यात जाऊन बसतो, कारण तिथे त्याला नावानं हाक मारतात.

केंद्रातून मुलगा घरी येणार असेल, तर मिठाई आणण्याआधी दवाखान्याची तारीख घ्या. औषध कुठून मिळणार, रोज कोण सोबत जाणार, १०८ आणि १४४४६ कुठे लिहून ठेवलेत, हे तो उंबऱ्यात पाऊल टाकण्याआधी ठरलेलं असू द्या.